गणपतीच्या पाटावरची काळी वाळू

आमच्याकडे गणपती पाण्यात सोडले की पाट रिकामा आणत नाहीत. जिथे विसर्जन झालं तिथलीच मूठ-दोन मुठी वाळू पाटावर घ्यायची, घरी येईपर्यंत सांडू द्यायची नाही, आणि आल्यावर थोडी मखराच्या जागी ठेवायची, थोडी घराच्या चार कोपऱ्यांत आणि उरलेली परसात टाकायची. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पुण्यात माझ्या मैत्रिणींकडेसुद्धा आहे, पण त्यांच्याकडे येते ती नदीकाठची नाहीतर हौदाजवळची माती. आमच्याकडे येते ती काळी वाळू. काळी म्हणजे काळीकुळकुळीत, ओली असली की जराशी निळसर झाक मारते आणि वाळली की बोटांना चिकटून चमचमते.

आमचं घर रत्नागिरीच्या उत्तरेला, काळबादेवीच्या बाजूला. यंदा गौरी-गणपतीला आठ दिवस राहून आले आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय. कारण यंदा पाट आणायचं काम माझ्या भाच्याकडे होतं, सातवीत आहे तो, आणि पुळणीवरून घरी येताना अर्ध्या वाटेत थांबून त्याने विचारलं, "आत्या, वाळू तर एवढीशीच आहे, मग पाट एवढा जड का लागतोय गं?"

मी शाळेत विज्ञान शिकवते, पंधरा वर्षं झाली. ही वाळू तर लहानपणापासून तुडवलेली, मे महिन्यात दुपारी तिच्यावरून अनवाणी जायचं म्हणजे पाय भाजायचे, चपला हातात घेऊन पाण्यापर्यंत धूम ठोकायची हे आमचं रोजचं. पण ती जड का आहे हा प्रश्न मला त्याच्या वयात पडला नव्हता. म्हणून तो ऐकून मला इतका आनंद झाला की आरती, प्रसाद सगळं उरकल्यावर रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन बसलो.

आधी थोडं रत्नागिरीबद्दल सांगते, ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी. शहराला दोन समुद्र आहेत असं आम्ही म्हणतो, काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. पाणी अर्थात एकच आहे. मांडवीची बाजू ती काळा समुद्र, कारण तिथली पुळण काळी, आणि रत्नदुर्गाचा डोंगर ओलांडून पलीकडे मुरुगवाडा-मिऱ्याकडे गेलं की पांढरा समुद्र. बाहेरून आलेले लोक मांडवीच्या धक्क्यावर भेळ खाता खाता म्हणतात, "किनारा घाण आहे हो तुमचा, कसलं तरी ऑइल सांडलंय वाटतं." असं कुणी म्हटलं की मला आतून तुटतं. ही वाळू घाण नाहीये हो. आपल्या अख्ख्या सह्याद्रीतलं सगळ्यात जड ते निवडून, धुऊन, वेगळं काढून तिथे पसरलंय, आणि ते काम करायला नदीला आणि समुद्राला किती काळ लागला असेल ह्याचा विचार केला तरी मन भरून येतं.

तर वजनकाटा. भावाने पांढऱ्या समुद्राकडची थोडी वाळू आणून दिलेली होतीच, घरात कुंड्यांसाठी पडलेली. दोन्ही वाळू तव्यावर कोरड्या करून घेतल्या, आईची आमटीची एकच वाटी घेतली, काठोकाठ भरून वरून सुरीने सपाट केली. पांढरी भरली १५१ ग्रॅम. तीच वाटी काळ्या वाळूने भरली तर २६८ ग्रॅम. भाच्याने काटा दोनदा शून्यावर आणून परत मोजलं, विश्वासच बसेना त्याचा. मग त्याला म्हटलं वाटी नुसती हातात धर, डोळे मिट आणि सांग कुठली कुठली, तर अर्थातच लगेच सांगता आलं.

मग लोहचुंबक. फ्रिजवरचा चिकटवायचा असतो तो अगदीच लेचापेचा निघाला, म्हणून माळ्यावरच्या जुन्या रेडिओचा स्पीकर खोलून त्यातला गोल काळा चुंबक काढला. एक गोष्ट सांगून ठेवते, घरी करणार असाल तर चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर ते बारीक कण एकदा चुंबकाला बसले की घासून घासून निघत नाहीत, मी चौथीत असताना शाळेचा चुंबक असाच खराब करून ठेवला होता आणि बाईंनी तो माझ्या टेबलावर आपटलेला मला अजून आठवतो. पिशवीत घातलेला चुंबक परातीतल्या वाळूवरून फिरवला की आधी वाळू नुसती हलते, मग जवळ नेलं की एकेक कण दुसऱ्याच्या डोक्यावर चढतो आणि भिजलेल्या मांजराचे केस उभे राहावेत तसे काटे उभे राहतात. परातीबाहेर नेऊन पिशवी उलटी करून चुंबक बाहेर ओढला की सगळे कण एकदम खाली. भाचा हे अर्धा तास करत होता. जितकं उचललं तितकं वेगळ्या ताटलीत काढत गेलो.

पण खरी गंमत पुढे आहे. स्पीकरच्या चुंबकाने उचलायचं तितकं उचलून झाल्यावरसुद्धा परातीत काळी वाळू उरलीच, बरीच उरली, आणि ती त्या चुंबकाला दाद देईना. भाच्याला वाटलं आता हे लोखंड नाही, संपलं. भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याच्याकडे मोडक्या हार्डडिस्कमधला चकचकीत पातळ चुंबक होता, निओडिमियमचा, तो फारच ताकदवान असतो, बोट मधे सापडलं तर कळ येते. तो पिशवीत घालून अगदी खाली टेकवला आणि तेव्हा त्या उरलेल्या काळ्यातलं बरंचसं उठलं. पहिल्यासारखे काटे नाहीत, नुसतं एक पातळ अस्तर चिकटल्यासारखं. मग परातीत राहिले शिंपल्यांचे तुकडे, काचेसारखे दोन-चार कण आणि थोडी तांबूस-हिरवट बारीक रेव.

म्हणजे काळ्या वाळूत काळं एक नव्हतं, दोन होती. पहिलं लगेच उडी मारून आलं ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोहचुंबकी खनिज, पण आपल्याकडचं शुद्ध नसतं, त्यात टायटॅनियम मिसळलेलं असतं म्हणून त्याला टायटॅनोमॅग्नेटाइट म्हणतात. दुसरं, ज्याला जबरदस्तीने उचलावं लागलं, ते इल्मेनाइट. लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन एवढंच असतं त्यात. शंभर ग्रॅम शुद्ध इल्मेनाइट घेतलं तर त्यातलं साडेबावन्न ग्रॅमच्या वर टायटॅनियम डायऑक्साइड भरतं. पाण्याच्या तुलनेत इल्मेनाइट साधारण ४.७ पट जड, मॅग्नेटाइट ५.२ पट, आणि साधी गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, वाळू जेमतेम २.६५ पट. भाच्याचा पाट जड लागला त्याचं उत्तर एवढंच होतं.

पण हे आलं कुठून हे त्याला सांगितल्याशिवाय मला झोप लागली नसती.

आपला सह्याद्री, आपला कातळ, हा सगळा लाव्हा आहे हे शाळेत सगळेच शिकतो, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर ओतले गेले त्याचा. त्या काळ्या दगडात, बेसॉल्टमध्ये, ही दोन्ही खनिजं आधीपासून असतात, पण इतकी बारीक आणि इतकी विखुरलेली की दगड हातात घेतला तर काही दिसणार नाही. मग पाऊस. कोकणातला पाऊस लाखो वर्षं त्या दगडाला भिजवतोय, त्यातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेतोय, आणि मागे उरतोय जांभा, आपण चिरे काढतो तो. जांभ्याचा तो लालपणा लोखंडाचाच. बेसॉल्टमधली बाकीची खनिजं कुजून माती होतात पण इल्मेनाइट चिवट, ते सहजासहजी कुजत नाही, दगड भुसभुशीत झाला की आपलं अख्खं सुटं होऊन बाहेर पडतं. मग पऱ्ह्या, मग नदी, मग खाडी, मग समुद्र. रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्याच्या खाडीला येऊन मिळते त्या नदीचं नाव काजळी आहे. नाव कशावरून पडलं ते बाजूला ठेवा, पण सह्याद्रीवरून काळे कण वाहून आणणाऱ्या नदीला काजळी म्हणतात हे मला लहानपणापासून फार आवडतं.

आता इथपर्यंत सगळं मिसळलेलंच आहे, गाळ, रेव, माती, काळे कण. वेगळं कोण करतं? तर लाटा. आणि कशा, हे मी त्याला माझ्या आजीवरून सांगितलं. आजी तांदूळ रोळायची. आताच्या मुलांना हा शब्दच माहीत नाही, कारण आता तांदूळ निवडलेले पिशवीतून येतात. पूर्वी गिरणीतून आलेल्या तांदळात बारीक खडे असायचे, ते हाताने निवडून निघायचे नाहीत. मग पातेल्यात पाणी घालून तांदूळ गोल गोल हलवायचे आणि पातेलं तिरकं करून पाण्याबरोबर तांदूळ दुसऱ्या पातेल्यात सोडायचे, परत पाणी, परत हलवायचं, परत सोडायचं. तांदूळ हलका, तो पाण्याबरोबर जातो. खडा जड, तो तळाला बसतो. शेवटी पातेल्याच्या कडेला चिमूटभर खडे उरायचे. आजीचा हात त्यात इतका बसलेला होता की एक दाणा खड्यात जायचा नाही.

समुद्र हेच करतो. लाट वर येताना जोरात येते, सगळं घेऊन येते, जड-हलकं काही बघत नाही. परत जाताना मात्र तिच्यात तेवढा दम नसतो, अर्धं पाणी वाळूत मुरलेलं असतं, मग ती हलकं तेवढं ओढून नेते आणि जड मागे टाकते. त्यात हे काळे कण असतात बारीक, पांढऱ्या कणांपेक्षा बारीक, त्यामुळे एकदा बसले की मोठ्या कणांच्या फटीत दडतात, त्यांना पाण्याचा धक्का नीट लागत नाही. (हिशेब केला तर पाण्यात सारख्याच वेगाने बुडायला गारेचा कण इल्मेनाइटच्या कणाच्या साधारण दीडपट जाड लागतो. किनाऱ्यावरची वाळू भिंगातून बघितली तर पांढरे कण जाडे आणि काळे बारीक असे शेजारी शेजारी दिसतात, त्याचं कारण हेच.) दिवसातून दोन भरत्या, प्रत्येक भरतीत किती लाटा, आणि हे हजारो वर्षं. आजी एक पातेलं रोळायची, इथे अख्खी पुळण रोळली जाते.

आणि म्हणूनच ही वाळू गणपतीत सगळ्यात जास्त दिसते. हे मला स्वतःला खूप उशिरा लक्षात आलं. मी मेमध्ये गावी गेले की पुळण करडी, जरा पांढुरकी दिसायची आणि गणपतीत गेले की काळी, मला वाटायचं पावसाने ओली आहे म्हणून. तसं नाहीये. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, मोठ्या लाटा पुळणीची वरची हलकी वाळू खरवडून आत घेऊन जातात, पुळण दोन-तीन हात खचते सुद्धा, आणि जड काळी वाळू तेवढी मागे राहते, उघडी पडते, खास करून वरच्या अंगाला, सुरूच्या झाडांच्या मुळांपाशी. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होत जातो तशी ती हलकी वाळू परत येऊ लागते आणि दिवाळीनंतर काळ्यावर पांढरं पांघरूण पडतं. म्हणजे वाळू काळी होत नाही न् पांढरी होत नाही, थर वर-खाली होतात.

हे दाखवायला दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला पुळणीवर नेला. पावसाची सर येऊन गेलेली, कुत्रंसुद्धा नव्हतं. वरच्या बाजूला लाटांनी पुळण तासून एक पायरी केलेली होती, गुडघ्याएवढी, आणि त्या पायरीच्या कापलेल्या बाजूला थर दिसत होते. काळा, करडा, काळा, मग बोटभर पांढरा त्यात शिंपल्यांचा चुरा, मग परत काळा, पण कागदासारखा पातळ. एका ठिकाणी काळा थर चार बोटं जाड होता आणि दहा पावलं पुढे गेलं की तोच निमुळता होऊन नाहीसा. प्रत्येक थर म्हणजे एकेक वादळ, एकेक उधाण. भाच्याने बाजूने हात फिरवला तर पांढरा थर भसाभस ढासळला आणि काळा तसाच उभा राहिला. मी पिशवीत भरत होते शाळेसाठी, तेवढ्यात वाडीतले एक आजोबा छत्री घेऊन आले, म्हणाले, "काय गो बाय, वाळू काय भरतंस?" मी म्हटलं मुलांना दाखवायला नेते. तर ते म्हणाले आम्ही लहानपणी कागदाखाली चुंबक धरून कागदावर हिचा नाच करायचो. म्हणजे आमच्या वाडीत हा प्रयोग मी पहिल्यांदा केलेला नाही.

लिंबाचंही केलं, ते पटकन सांगते. पांढऱ्या वाळूवर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात, कारण त्यात शिंपल्याचा चुना भरपूर. काळ्यावर पिळलं तर काही नाही, ढिम्म.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. टायटॅनियम हा धातू जगाला पहिल्यांदा कळला तोच मुळी अशा एका मूठभर काळ्या वाळूतून. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल म्हणून भाग आहे, तिथे मॅनॅकन गावाच्या हद्दीतल्या एका ओढ्यात काळी वाळू सापडायची. खाण नाही, डोंगर नाही, एक ओढा आणि त्यातली थोडीशी वाळू. विल्यम ग्रेगर नावाचे एक पाद्री होते, त्यांना रसायनशास्त्राचा नाद, घरीच तपासण्या करायचे. त्यांनी ती वाळू बघितली, दिसायला बंदुकीच्या दारूसारखी, चुंबकाला चिकटणारी. तपासली तर साधारण अर्धं निघालं लोखंडाचं, आणि अर्ध्याला थोडं कमी असं एक काहीतरी जे त्यांना माहीत असलेल्या कुठल्याच पदार्थात बसेना. साल १७९१. त्यांनी लिहून प्रसिद्ध केलं की हा नवीन धातू असावा, आणि गावाच्या नावावरून वाळूला नाव दिलं. मग १७९५ मध्ये बर्लिनमध्ये क्लापरोथ ह्यांना हंगेरीहून आलेल्या रुटाइल नावाच्या खनिजात हाच धातू स्वतंत्रपणे सापडला, त्यांनी ग्रीक पुराणातल्या टायटन लोकांवरून टायटॅनियम नाव ठेवलं, आणि नंतर ग्रेगरांच्या वाळूतलं ते हेच हे त्यांनीच पडताळून सांगितलं. नाव राहिलं क्लापरोथचं, शोध मात्र पाद्रीबाबांचा धरतात. इल्मेनाइट हे नाव त्याहून नंतरचं, रशियात उरल भागात इल्मेन डोंगर आहेत त्यांच्यावरून.

म्हणजे बघा, ज्या वाळूवर आपण पाट टेकवतो तसल्याच वाळूकडे एक माणूस कुतूहलाने बघत बसला, तिला चुंबक लावला, आणि मूलद्रव्यांच्या तक्त्यात २२ नंबरचं घर भरलं. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं कॉर्नवॉल कुठे आहे ते विचारतात, आणि मी आधी रत्नागिरीचा नकाशा काढते.

रत्नागिरीच्या वाळूचाही अभ्यास झालेला आहे, चांगला झालाय. राज्याच्या भूविज्ञान आणि खनिकर्म खात्याने किनाऱ्यावरची वाळू तपासली, आणि गोव्याला दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी बोटीतून काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरी ह्या तिन्ही उपसागरांच्या तळाची वाळू काढून १९७९ मध्ये त्यावर निबंध लिहिला. काळी वाळू फक्त पुळणीवर नाही, पाण्याखालीही आत पसरलेली आहे हे त्यातून कळलं. आमच्या वाडीसमोरच्या पाण्याचं नाव असं शास्त्रीय निबंधात छापलेलं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो कागद आईला दाखवला होता, तिला इंग्रजी येत नाही, पण काळबादेवी शब्दावर बोट ठेवून दाखवलं.

एक शंका नेहमी विचारतात, केरळसारखी ही पण किरणोत्सर्गी आहे का म्हणून. केरळात चवऱ्याची आणि तमिळनाडूत मणवाळकुरिचीची काळी वाळू प्रसिद्ध आहे, तिथे इल्मेनाइटबरोबर मोनाझाइट असतं आणि मोनाझाइटमध्ये थोरियम, म्हणून ते. तिथले डोंगर वेगळ्या, फार जुन्या खडकांचे, ग्रॅनाइटच्या जातीचे, मोनाझाइट त्यांच्यातून येतं. आपला बेसॉल्ट तसलं काही देत नाही. आई त्या वाळूची चिमूट निर्धास्त कोपऱ्यात टाकू शकते.

विसर्जनाच्या रात्री मखर उतरवल्यावर मागची भिंत मोकळी दिसत होती, पांढरीशुभ्र. कोकणात गणपतीआधी घराला रंग काढायचाच, ते चुकत नाही. पूर्वी आम्ही चुना लावायचो, निळ घालून, आता डब्यातला रंग आणतात. भाचा पाटावरची वाळू मखराच्या जागी ठेवत होता, आणि मला एकदम ते दिसलं की भिंतीवरचा तो पांढरा आणि खालची ती काळी, दोन्ही टायटॅनियमच. डब्यातल्या रंगाचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. ते बनवायला हेच इल्मेनाइट गंधकाच्या आम्लात शिजवतात, त्यातलं लोखंड हिराकस म्हणून वेगळं निघतं (तोच हिराकस ज्याची पूर्वी शाई करायचे), आणि मागे राहतं ते शुभ्र पांढरं. प्रकाश वाकवायची त्याची ताकद हिऱ्यापेक्षा जास्त आहे, म्हणून पातळ हात दिला तरी मागचं सगळं झाकलं जातं. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला हा रंग बाजारात यायला लागला, त्याआधी शिशाचा सफेदा वापरायचे आणि तो विषारी. आज रंग, कागद, प्लॅस्टिक, टूथपेस्ट सगळीकडे हाच पांढरा. मी भाच्याला जवळ बसवून सांगितलं, लोखंड निघून गेलं की हे असं होतं. त्याने चिमूटभर काळी वाळू घेऊन भिंतीला लावून बघितली, आणि आई ओरडली.

मग खाणीचा विषय निघणारच. इतकं मौल्यवान आहे तर काढत का नाहीत, हे भाऊबीजेला जमलेल्या पाहुण्यांपासून सगळे विचारतात. मी माझं मत सांगते. केरळ-ओडिशाच्या मानाने आमचा साठा लहान. इथले उपसागर छोटे, दोन्ही बाजूंना डोंगराची नाकं पुढे आलेली, त्यामुळे एका उपसागरातली वाळू सहसा तिथल्या तिथेच आत-बाहेर फिरत राहते, पावसाळ्यात जाते न् हिवाळ्यात येते, बाहेरून भर पडते ती नदीतून, हळूहळू. त्यातली जड वाळू काढून नेली तर पुळणीचं पावसाळ्यातलं चिलखतच काढून घेतल्यासारखं होईल, कारण उधाणात मागे टिकून राहते ती तीच. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मिऱ्याला जाऊन बघावं. तिथे समुद्र किती वर्षं जमीन खातोय, दगडांचा बंधारा घातला, तो खचला, परत घातला, लोकांच्या माडांच्या बागा गेल्या. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्याच किनाऱ्याला लागलं आणि पुढे कितीतरी पावसाळे तिथेच गंजत पडून होतं, लोक फोटो काढायला जायचे. मी गेले होते तेव्हा त्या पत्र्यावरून लाटा फुटत होत्या आणि बंधाऱ्याच्या दगडांमागे लगेच घरं होती. असल्या किनाऱ्यावरून एक टोपली वाळूसुद्धा कमी होऊ नये असं मला मनापासून वाटतं, मग तिच्यात टायटॅनियम असो नाहीतर सोनं असो. माझी शाळेसाठी नेलेली दोन किलो तेवढी घेऊन गेले, आणि त्यातलीही बरीचशी जून महिन्यात परत आणून टाकणार आहे.

शाळेत आता टेबलावर तीन बाटल्या आहेत. एकीत स्पीकरच्या चुंबकाने उचललेली, दुसरीत हार्डडिस्कच्या चुंबकाने उचललेली, तिसरीत उरलेली. मुलं आधी तिन्ही हातात घेऊन वजन बघतात, कुणी न सांगता. गुहागरकडच्या एका मुलाने सुट्टीवरून येताना त्याच्या गावची वाळू औषधाच्या डबीतून आणली आणि मधल्या सुट्टीत चुंबक मागायला आला.

परवा भाच्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. दिवाळीची सुट्टी लागली म्हणून पुळणीवर गेला होता. पुळण सगळी पांढुरकी, गणपतीतली ती काळी पट्टी कुठे दिसतच नाही, आणि मधे मधे कुर्ल्यांची बिळं. त्याने बाण काढून दाखवलं होतं, बिळाबाहेर कुर्लीने जी वाळू उकरून टाकलीय तिचा ढीग काळा आहे. खाली व्हॉइस मेसेज होता, वाऱ्याचा नुसता घोंघाट, त्यात त्याचा आवाज, "आत्या, कुर्लीने आधीच खणलं होतं म्हणून मी तिथेच खणलं. एक वीत आणि दोन बोटं. आहे तिथेच आहे."